मॉरिशस: लगूनच्या काठी निवांत राहायचंय, कुठली बाजू घेऊ?

सायली_ठाणे:
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज मदत हवीये म्हणून धागा काढतेय. यंदा गणपती आमच्याकडे नाहीत, पाळीने पुण्याला चुलत सासऱ्यांकडे आहेत, आणि मुलाच्या शाळेला गणपतीची सुट्टी आहे, त्यामुळे नवऱ्याने मॉरिशसचं काढलंय. आम्ही दोघं, मुलगा (वय ९, पोहायला शिकतोय म्हणजे क्लासच्या टँकमध्ये काठ धरून लाथा मारतो), आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि त्या पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही.

ट्रॅव्हलवाल्याने जो प्रोग्राम पाठवलाय तो वाचून मला इथेच धाप लागली. एक दिवस नॉर्थ टूर, एक दिवस साउथ टूर, मग इल ओ सेर्फ बेट, मग डॉल्फिन बघायला पहाटे उठा, मग सात रंगांची माती, रोज साडेसातला लॉबीत हजर. मला यातलं काही नको हो. फोटोत दिसतं ना ते लगूनचं उथळ निळं-हिरवं पाणी आणि लांबवर पांढरी रेघ, त्याच्या काठाला एक खोली हवीये जिथून सासूबाई चार पावलांत पाण्यात पाय बुडवून बसू शकतील आणि पोरगं डोळ्यासमोर डुंबेल. बस. कुठली बाजू घ्यावी? हॉटेल की अपार्टमेंट? आणि पोहता न येणाऱ्या मुलाला लगूनमध्ये सोडणं खरंच सेफ असतं का?

खोडकर_खेकडा:
गणपतीत मॉरिशस! मोदक विमानातून नेणार का? (हलके घ्या) बाकी जाणकार येतीलच, मी आपला खुर्ची टाकून बसलो.

क्वात्रबोर्नकर:
सायली, मी नोकरीनिमित्त इथेच राहतो म्हणून सांगतो. आधी बाजू ठरवा, हॉटेल नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, फोटो बघून पूर्वेचं बेल मार बुक करतात आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्वेटर घालून बीचवर बसतात. हे दक्षिण गोलार्धातलं बेट आहे, तुमच्या गणपतीत इथला हिवाळा सरत असतो, आणि मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून वारे वाहतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर ते सरळ अंगावर येतात. तिथलं लगून सुंदरच आहे, वाळू तर सगळ्यात छान, पण त्या दिवसांत पाणी खवळलेलं आणि म्हातारी माणसं कुडकुडलेली. वारा मधल्या डोंगरांवर चढतो, तिथल्या क्युर्पीप गावाला पाऊस पाडतो आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडा होतो, त्यामुळे फ्लिक-आं-फ्लाक, वोल्मारच्या बाजूला पाणी शांत आणि ऊन खणखणीत. मी क्वात्र बोर्नहून छत्री घेऊन निघतो आणि अर्ध्या तासात खाली गॉगल लावतो.

म्हणून तुमच्यासाठी पश्चिम. नाहीतर वायव्येला त्रू ओ बिश, माँ श्वाझी, ते पण आडोशाला आहे आणि लहान मुलांसाठी पाणी फार छान. ले मॉर्न नकाशात पश्चिमेला दिसतं म्हणून फसू नका, ते नैऋत्येचं टोक आहे, वारा वळसा घालून तिथे येतो, जगभरचे काइटसर्फिंगवाले उगाच येत नाहीत. पाणी हिवाळ्यात बावीस-तेवीस डिग्री असतं, पहिल्या मिनिटाला आई गं होतं, मग काही वाटत नाही.

समुद्रवेडा:
क्वात्रबोर्नकरांना अनुमोदन. मुलाच्या सेफ्टीबद्दल जरा लांबण लावतो, कारण "लगून म्हणजे स्विमिंग पूल" असं समजून जाणारे बरेच बघितलेत.

फोटोतली ती पांढरी रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत, रीफ. मॉरिशसच्या जवळजवळ चहूबाजूंनी ती आहे. महासागराची लाट तिथे फुटते आणि आत येतं ते दमलेलं पाणी, कमरेएवढं, कुठे छातीएवढं. हे मालदीव किंवा आपल्या लक्षद्वीपसारखं कंकणाकृती बेट नाही, इथे मधोमध ज्वालामुखीचा डोंगर शिल्लक आहे आणि भोवती रीफ. (डार्विन १८३६ मध्ये बीगल जहाजावरून इथे उतरला होता. डोंगर हळूहळू खचतो, रीफ वर वाढत राहते आणि शेवटी नुसतं कडं उरतं, अशी त्याची मांडणी. म्हणजे मॉरिशस अजून आधीच्या इयत्तेत आहे.)

आता मुद्दा. ही भिंत अखंड नाही. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि गाळ येतो, प्रवाळ वाढत नाही, आणि भिंतीला खिंड पडते. लाटांवरून आत आलेलं सगळं पाणी त्या खिंडीतूनच बाहेर जातं, तिथे ओढ असते. तामारँला अशीच खिंड आहे, म्हणून तिथे लाटा आत येतात आणि सर्फिंग चालतं. फ्लिक-आं-फ्लाकपासून गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, पण पाण्याचा स्वभाव पूर्ण वेगळा. आणि दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला तर रीफच नाही, लाट थेट कड्यावर आदळते, तिथे फक्त उभं राहून बघायचं. तेव्हा पोरगं पिवळ्या बोयांच्या (पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) आत, तुम्ही त्याच्याशेजारी, आणि नदीच्या मुखापासून लांब, एवढं पाळलंत तर हे पाणी आपल्या कुठल्याही किनाऱ्यापेक्षा सोपं आहे. बोयांच्या बाहेर स्पीडबोटी सुसाट असतात, बुडण्यापेक्षा मला त्यांचीच भीती जास्त वाटते.

अजून एक, रबरी तळव्याचे बूट सगळ्यांना घ्या, सासूबाईंना आधी. सी-अर्चिनचे काटे असतात, आणि स्टोनफिश नावाचा मासा दगडासारखा पडून राहतो, पाय पडला तर भयंकर विषारी. क्वचित होतं, पण झालं तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. बर्फ लावू नका.

बंडूनाना:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. एवढे तिकिटाचे पैसे घालून, सहा-सात तास विमानात बसून, नुसतं पाण्यात पाय बुडवून बसायचं? मग देवबागला जा की, कर्ली नदी आणि समुद्राच्या मधे बसा, सुरमई खा. आम्ही २०१४ ला ग्रुपबरोबर गेलो होतो, सगळं बघितलं, इल ओ सेर्फ, शामारेल, गंगा तलाव, पोर्ट लुईचं मार्केट. पैसे वसूल. घरी आल्यावर लोक विचारतात ना काय काय बघितलं, त्यांना काय सांगणार, पाणी बघितलं?

सायली_ठाणे:
नाना, राग कसला. देवबागला आम्ही जातोच दर वर्षाआड, माहेर कणकवलीचं. पण सासऱ्यांना परदेश बघायचाय आणि त्यांना चालवत नाही फार, यातून मार्ग काढतेय.

क्वात्रबोर्नकर, समुद्रवेडा, केवढं सांगितलंत! बेल मार कॅन्सल. भरती-ओहोटीचं काय? आपल्याकडे ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि मग सासूबाईंची चार पावलं चारशे होतात.

समुद्रवेडा:
ती काळजीच नको. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, मॉरिशसला जेमतेम अर्धा मीटर. पाणी दिवसभर जवळपास तिथल्या तिथेच. ओहोटीला काठाजवळ थोडे प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात इतकंच. ते उचलून आणू नका मात्र, शिंपलेही नाही, एअरपोर्टवर काढून घेतात आणि वर ऐकून घ्यावं लागतं.

चिंटूची_आई:
आम्ही मागे फ्लिक-आं-फ्लाकला अपार्टमेंटमध्ये राहिलो होतो, सासू-सासरे आणि दोन पोरं सोबत, म्हणजे तुझ्यासारखीच फौज. मी डोळे झाकून अपार्टमेंटच सांगेन. तिथली हॉटेलं बहुतेक हाफ बोर्डवर विकतात, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, आणि रात्रीच्या बुफेत शाकाहारी माणसाला पास्ता, सॅलड आणि तीन प्रकारचे ब्रेड. दोन दिवस गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी आईंचा चेहरा बघवत नाही. अपार्टमेंटमध्ये गॅस, फ्रिज, भांडी असतात, जवळ कास्कावेलला मोठा मॉल आहे तिथे डाळी, तांदूळ, पीठ, मसाले सगळं मिळतं, मी फक्त छोटा कुकर आणि गोडा मसाला नेला होता. संध्याकाळी वरणभात करायचा आणि बाल्कनीत बसून खायचा. भाजी-फळं आणि कढीपत्ता मात्र इथून नेऊ नका, कस्टममध्ये टाकून देतात.

आणि मुख्य म्हणजे मॉरिशसमध्ये बीच कोणाच्या बापाचा नाही. वाळू आणि पाणी सगळ्यांचं असतं, हॉटेलवाल्यांची फक्त खुर्ची आणि छत्री. रस्त्याच्या अलीकडची साधी अपार्टमेंट घेतली तरी रस्ता ओलांडून त्याच लगूनमध्ये उतरायचं जिथे शेजारी लोक पाचपट पैसे भरून उतरलेत. फक्त बुक करताना तळमजला मागा किंवा लिफ्ट आहे का विचारा, बहुतेक ठिकाणी नसते, आणि रस्ता ओलांडायला झेब्रा आहे का तेही नकाशात बघा, मेन रोडवर गाड्या जोरात जातात.

पोटोबा_प्रथम:
शाकाहारी माणसाने मॉरिशसला घाबरायचं काही कारण नाही, हॉटेलच्या बाहेर पडलं की. ढोल पुरी खा. चण्याच्या डाळीचं पूड सारण भरून पातळ लाटलेली पोळी, पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा, आत मोठ्या वालाची रसभाजी, टोमॅटोची रुगाय आणि हिरवी चटणी, कागदात गुंडाळून देतात. नेहमी जोडीने मिळते, एक मागितली तर विचित्र बघतात. शिवाय गातो पिमाँ, डाळवडाच तो, सकाळी पावात घालून लोण्याबरोबर. फराता म्हणजे पराठा. अननस सोलून, उभा चिरून, तिखट-मीठ-चिंच लावून बीचवरच विकतात. आणि अलुदा, फालुद्याचा जवळचा नातेवाईक, सब्जा घातलेला. बीचजवळ दुपारी गाड्या लागतात, जिथे शाळेची पोरं आणि पोलिस उभे असतील ती गाडी पकडायची. मिरचीची पेस्ट बाजूला ठेवलेली असते ती आधी नखावर घेऊन बघा, मालवणी माणूसही हलतो.

मासे खाणाऱ्यांसाठी: विंदाय म्हणून मोहरी-हळद-व्हिनेगरमधला मासा असतो, गोव्याच्या विंदालूशी नातं लागतं. अप्रतिम. सासूबाईंच्या समोर खाऊ नका.

रानवारा:
कोणीच ब्लू बेचं नाव घेत नाहीये म्हणून लिहितोय. एअरपोर्टपासून पंधरा मिनिटं, आग्नेयेचा कोपरा. मान्य आहे वारा असतो, पण खाडी जरा आत वळलेली आहे. खरं प्रवाळ बघायचं तर इथेच. १९९७ पासून संरक्षित आहे, २००८ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ३५३ हेक्टरचं मरीन पार्क. मेंदूसारख्या सुरकुत्यांचा प्रचंड मोठा प्रवाळ आहे तिथे. काचेच्या तळाच्या बोटीतून सासूबाईंनाही बसल्या जागी दिसेल. शेजारी इल ओ एग्रेत नावाचं २६ हेक्टरचं चिमुकलं बेट आहे, वन्यजीव संस्थेवाले तिथे मूळचं जंगल परत वाढवतायत, मोठाली कासवं फिरतात, आणि गुलाबी कबुतर, जे १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास उरलं होतं, ते तिथे फांदीवर आरामात बसलेलं बघायला मिळतं. सोमवारी माहेबूरचा बाजार भरतो.

अलका_ताई:
ब्लू बेलाच ना ते तेल सांडलं होतं? अजून आहे का घाण?

रानवारा:
ताई, अगदी शेजारी, प्वाँत देस्नीसमोर. वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज २५ जुलै २०२० ला रीफवर चढलं, ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं, साधारण हजार टन लगूनमध्ये गेलं. सरकारची वाट न बघता लोक उतरले होते, उसाचं पाचट जाळीच्या पिशव्यांमध्ये भरून लांबच लांब तरंगते बांध केले, बायकांनी केस कापून दिले, केस तेल धरून ठेवतात म्हणून. वारा आणि प्रवाह वायव्येला होता त्यामुळे खुद्द ब्लू बेचं प्रवाळ थोडक्यात वाचलं, मार खाल्ला तो उत्तरेकडच्या माहेबूरच्या खाडीने आणि तिवरांनी. पर्यटकाच्या डोळ्याला आता काही दिसत नाही. तिवरांच्या मुळांत आणि चिखलात काय राहिलंय ते मात्र वरून दिसणारं नाही, आणि तिथल्या मच्छीमारांचा तो विषय अजून संपलेला नाही. एक जहाज, एक रात्र. आपल्या कोकण किनाऱ्यासमोरून रोज किती जातात विचार करा.

बंडूनाना:
हे माहीत नव्हतं. बायकांनी केस दिले म्हणजे कमाल आहे.
बाकी इल ओ सेर्फला तरी नेच गं त्या म्हाताऱ्यांना.

क्वात्रबोर्नकर:
नाना, तुम्ही गेलात तेव्हा कसं होतं माहीत नाही, आता दुपारी अकरा ते तीन इल ओ सेर्फ म्हणजे गिरगाव चौपाटी. स्पीडबोटींची रांग, पॅराशूट, मोठ्याने गाणी. बेट सुंदर आहे, गर्दी नाही. आणि ते ले मॉर्नचं "पाण्याखालचा धबधबा" विचारणारेही बरेच असतात, तो वाळू आणि गाळ उतारावरून सरकल्याचा दृष्टिभ्रम आहे, हेलिकॉप्टरमधूनच दिसतो, बोटवाला दाखवतो म्हणाला तर हसून पुढे जा. ले मॉर्नचा डोंगर मात्र लांबून तरी दाखवाच. पळून गेलेले गुलाम त्या ५५६ मीटरच्या कड्यावर लपायचे, म्हणूनच २००८ ला जागतिक वारशात गेला. फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूवरून दक्षिणेला बघितलं की दिसतो, कुठे जायलाही नको.

सायली, गणपतीत येताय म्हणून अजून एक. कास्कावेल, जिथे चिंटूच्या आईने डाळ घेतली, ते गावच मराठी आहे. मराठी म्हणजे रत्नागिरी, सातारा अशा भागांतून ऊस तोडायला मुंबई बंदरातून आलेल्यांची पाचवी-सहावी पिढी. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आडनाव म्हणजे बोटीवरून उतरलेल्या खापरपणज्याचं नाव. गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते, १८९६ मध्ये आँरिएता गावात पहिला गणपती बसला असं सांगतात. आरतीला जा, कोणी परकं समजणार नाही. रात्री झाकरी नाचतात, आपल्या कोकणातली जाखडी, गोल धरून, ढोलकीवर. बहुतेक घरी विसर्जनही लवकर, मूर्ती घेऊन नदीवर नाहीतर समुद्रावर.

खोडकर_खेकडा:
म्हणजे मोदकांची सोय झाली. खुर्ची उचलतो.

सायली_ठाणे:
मंडळी, परत आलो! धाग्यावर वृत्तांत लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय, मुद्देसूद नाहीये, आठवेल तसं.

फ्लिक-आं-फ्लाकलाच राहिलो, वोल्मारकडच्या टोकाला, तळमजल्याचं अपार्टमेंट, मधे छोटा रस्ता. बीचवर सुरूची झाडं आहेत, थेट दापोली-मुरूडसारखी, तिथे फिलाओ म्हणतात, सासऱ्यांनी पहिल्याच सकाळी एक झाड निवडलं आणि आठवडाभर तेच त्यांचं ऑफिस. प्रोग्राम कुठलाही केला नाही. सकाळी सात-साडेसातला पाणी काचेसारखं असतं, तेव्हा मी आणि नवरा आलटून पालटून मास्क लावून जायचो, नऊनंतर पोरगं, पोरगं दुपारपर्यंत बाहेर येतच नाही, बोटं सुरकुतली तरी नाही. क्लासला जे सहा महिन्यांत जमलं नव्हतं ते तिथे खारट पाण्याने उचलून धरल्यामुळे जमलं, तरंगायला लागला. बूट सगळ्यांनी घातले, समुद्रवेडा यांचे आभार, कारण काठाजवळच काळे अर्चिन दिसले, आणि काही पट्ट्यांत प्रवाळाचे टोकदार तुकडे आहेत ते फोटोत कोणी दाखवत नाही. वाळू सगळीकडे मऊ असेल असं समजून जाऊ नये.

शनिवार-रविवारी मात्र चित्र बदलतं. आख्खी कुटुंबं येतात, तंबू लावतात, बिर्याणीची पातेली, गॅसची शेगडी, आजी खुर्चीत, आणि संध्याकाळी कोणीतरी रव्हान, ती बकरीच्या कातड्याची मोठी डफली, शेकोटीवर तापवून वाजवायला लागतं आणि सेगा, तिथलं नाचगाणं, सुरू. शांतता हवी असेल तर हे दोन दिवस नाही मिळणार, पण आम्हाला तेच जास्त आवडलं. सासऱ्यांना एक भोजपुरी बोलणारे निवृत्त मास्तर भेटले, हे हिंदीत, ते भोजपुरीत, विषय दोघांचेही पेन्शन आणि गुडघे.

सासूबाईंनी ढोल पुरी पहिल्या दिवशी नाक मुरडून खाल्ली आणि नंतर रोज. जोडीच मागायच्या. संध्याकाळी वरणभात.

चतुर्थीला कास्कावेलला गेलो होतो. देवळात आरती अगदी आपली, सुखकर्ता दुःखहर्ता, उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे, पण एकही कडवं न गाळता, आमच्या सोसायटीत तिसऱ्या कडव्याला सगळे पुटपुटतात. आम्हाला आग्रहाने जेवायला बसवलं. त्यातल्या काकूंनी सासूबाईंना विचारलं तुमचं गाव कुठलं, त्या म्हणाल्या संगमेश्वर, तर त्या म्हणाल्या आमच्या कागदावर पण रत्नागिरी आहे, पण गाव पुसलं गेलंय. मग दोघी बराच वेळ मोदकाच्या उकडीवर बोलत होत्या, एकीचं मराठी, दुसरीचं मोडकं, चाललं.

आणि रात्रीची गंमत. पश्चिम किनारा, सूर्य पाण्यात बुडतो, त्याच्यामागोमाग चतुर्थीची चंद्रकोर बरोब्बर लगूनवर, आणि सगळे पर्यटक मोबाइल काढून फोटो घेतायत. आम्ही पाच जणं समुद्राकडे पाठ करून बसलोय! सासूबाईंचा हुकूम, चोरीचा आळ येतो. चंद्र मावळेपर्यंत अडीच-तीन तास अपार्टमेंटची भिंत बघितली. नंतर सासऱ्यांनी त्रिशंकूचा तारकासमूह शोधला, नैऋत्येला अगदी खाली, आणि वृश्चिक केवढा उंच! आपल्याकडे तो दक्षिणेला खाली कुठेतरी असतो, तिथे पश्चिमेला कलला तरी डोक्याजवळ.

नाना, इल ओ सेर्फ नाही केलं. ब्लू बेला मात्र परत निघताना विमानाच्या आधी अर्धा दिवस थांबलो, काचेच्या बोटीत सासूबाई बसल्या, मेंदूवाला प्रवाळ बघून म्हणाल्या केवढी डोकी आहेत खाली. वारा होता, स्वेटर लागला, क्वात्रबोर्नकर बरोबर होते. काही प्रवाळ पांढरे पडलेले दिसले, बोटवाला म्हणाला उन्हाळ्यात पाणी फार तापतं तेव्हा होतं, काही परत रंग धरतात, काही नाही.

किरकोळ: भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, फक्त ऑनलाइन फॉर्म भरून ठेवायचा, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग बघतात. घड्याळ दीड तास मागे. प्लग तीन पिनचा इंग्रजी आणि दोन पिनचा युरोपी दोन्ही दिसतात, अडॅप्टर न्याच. बस स्वस्त आहे पण संध्याकाळी लवकर संपते. डासांचं क्रीम न्या.

बंडूनाना:
वाचलं. चंद्राकडे पाठ करून बसलात हे बेस्ट. खर्च किती आला ते मात्र लिहिलं नाहीस.

सायली_ठाणे:
नाना, वि.पू.मध्ये (विचारपूस, म्हणजे वेगळा निरोप) लिहिते, नवऱ्याची एक्सेल शीट आहे, इथे टाकली तर धागा तिच्यावरच जाईल. साधारण सांगायचं तर विमानाचं तिकीटच निम्मं, राहणं-खाणं त्या ट्रॅव्हलवाल्याच्या पॅकेजपेक्षा बरंच खाली.

नवखा_प्रवासी:
सुंदर धागा. आम्हाला जानेवारीच्या शेवटी सुट्टी मिळतेय. हेच सगळं तेव्हा चालेल का?

क्वात्रबोर्नकर:
चालेल, पण तो चक्रीवादळांचा मोसम, जानेवारी ते मार्च सगळ्यात जास्त. दरवर्षी बेटावर आदळतंच असं नाही, पण जवळून गेलं तरी दोन-तीन दिवस खोलीत. इशारे एक ते चार अशा वर्गांत देतात, तीन लागला की दुकानं, बसा सगळं बंद, बाहेर पडायचं नाही. कॅन्सल करता येणारं बुकिंग घ्या. चांगली बाजू म्हणजे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री, आणि आग्नेय वारे मंदावलेले असतात, त्यामुळे तेव्हा पूर्व किनारा, बेल मार, त्रू द'ओ दूस, बिनधास्त घ्या. वर लिहिलेलं त्या महिन्यांसाठी बरंचसं उलटं वाचायचं.

समुद्रवेडा:
आणि ज्यांना याहून निवांत हवंय त्यांनी रॉद्रिग्ज बघा. मॉरिशसपासून साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला, विमानाने दीड तास, त्यांचाच भाग पण २००२ पासून स्वतःचा कारभार. बेटापेक्षा लगून दुपटीहून मोठं आहे तिथे. ओहोटीला बायका भाले घेऊन ऑक्टोपस पकडायला चालत आत जातात. वारा भरपूर, हॉटेलं थोडी, पोहायला पाणी काही ठिकाणी गुडघ्याएवढंच.

चिंटूची_आई:
तिथे शाकाहारी मिळतं का पण?

पोटोबा_प्रथम:
राजमा मिळतो, रॉद्रिग्जचे लाल दाणे प्रसिद्ध आहेत, मका पण. घरगुती गेस्टहाउसवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, मांस-मासा-अंडं तिन्ही नावं घेऊन सांगा, नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासा येतो ताटात. कुकर न्या तुमचा.